धुरळ्याची कीर्द

मोटार शर्यतीचा फोटो काढायचा म्हणजे जी वस्तू अजून आलेली नाही आणि आली की लगेच नसणार आहे, तिच्या स्वागताला तासन् तास उन्हात उभे राहायचे. एसटीच्या थांब्यावर निम्मे आयुष्य काढलेल्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण एसटीला निदान हात तरी दाखवता येतो. शर्यतीत काहीही दाखवण्याचा अधिकार फक्त मार्शलला, तोही हातातल्या झेंड्यापुरता. फोटोग्राफरने कुंपणाच्या अलीकडे राहावे, दिलेले जॅकेट अंगात घालावे आणि आवाज आला की डोळा कॅमेऱ्याला लावावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

ताशी ३०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ८३ मीटर कापते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवरची सर्वांत लांब सरळ वाट किलोमीटरभराहून थोडीच मोठी आहे. ज्याने मान वळवून शेजाऱ्याकडे तंबाखू मागितली, त्याने ती गाडी घालवली. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले, तरी तेवढ्यात ही गाडी आठ सेंटिमीटर सरकते. साठाव्या भागापुरते उघडे राहिले, तर जवळजवळ एक मीटर चाळीस. यावर नवख्याचा उपाय ठरलेला आहे: शटर जितके वेगवान करता येईल तितके करायचे. फोटो लख्ख येतो. टायरवरची अक्षरे वाचता येतात, बॉनेटवरचे स्टिकर मोजता येतात, आणि कोट्यवधींची गाडी रस्त्याच्या मधोमध लावून चालक चहाला गेला आहे, असे चित्र तयार होते.

यावरचा उतारा म्हणजे पॅनिंग. शटर मुद्दाम संथ ठेवायचे, साठावा किंवा एकशेपंचविसावा भाग. पाय जमिनीत रोवायचे आणि कमरेतून वळत गाडीच्या वेगाने कॅमेरा फिरवायचा. फिरता फिरता क्लिक करायचे आणि क्लिक झाल्यावरही फिरणे थांबवायचे नाही. जमले तर गाडी स्पष्ट येते, चाके गरगरतात आणि मागची झाडे, जाहिराती, प्रेक्षक यांच्या आडव्या रेघा होतात. न जमले तर सगळ्याच्याच रेघा होतात आणि तो फोटो 'कलात्मक' नावाच्या वेगळ्या फोल्डरात जातो. शंभरात दहा साधले तरी हात बसला म्हणायचे. हात बसवायला शर्यतीचीही गरज नसते. हमरस्त्याच्या कडेला उभे राहून दुधाचे टेम्पो आणि शाळेच्या रिक्षा यांच्यावर सराव करता येतो, फक्त दर दहा मिनिटांनी कोणी तरी येऊन "साहेब, रस्ता रुंद होणार का?" असे विचारते, त्याचे उत्तर तयार ठेवावे लागते.

वेगासाठी सज्ज असलेल्या माणसाला संथ वस्तूही चकवते. ऑक्टोबर २०११ मध्ये याच बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा पहिल्याच सराव-सत्रात ट्रॅकवर एक कुत्रा आला आणि सत्र थांबवावे लागले. ती शर्यत सेबास्टियन फेटलने जिंकली, पुढच्या दोन वर्षांच्याही त्यानेच जिंकल्या. पण आपल्याकडे गप्पा निघाल्या की आधी कुत्रा निघतो आणि मग फेटल. ताशी तीनशेच्या अपेक्षेने रोखलेल्या कॅमेऱ्यापुढे ताशी पंधराचा नायक अवतरला तर शटर किती ठेवावे, हे कोणत्याही मार्गदर्शकात दिलेले नाही.

कॅमेराच गाडीला कमी पडला तर काय होते, याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे. जाक-आंरी लार्तीग या फ्रेंच तरुणाने काढलेला आणि १९१२ च्या फ्रेंच ग्रां प्रीचा म्हणून जगभर छापला गेलेला तो फोटो. त्यात सहा नंबरची गाडी निघाली आहे, तिचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि मागे उभी असलेली माणसे व खांब उलट दिशेला कलले आहेत. त्या कॅमेऱ्याचे शटर म्हणजे काचेसमोरून सरकणारी एक फट होती. चाकाचा एक भाग टिपून फट दुसऱ्या भागापर्यंत पोचेस्तोवर गाडी पुढे गेलेली. लार्तीगने गाडीबरोबर कॅमेरा फिरवला, पण गाडीपेक्षा हळू. म्हणून गाडी एकीकडे कलली आणि गाव दुसरीकडे. वर गाडीचा पुढचा भागच चौकटीबाहेर राहिला. फोटो फसला असे समजून त्याने तो बाजूला ठेवला. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या फोटोंचे प्रदर्शन भरले, आणि पुढे हाच फसलेला फोटो वेगाची खूण होऊन बसला. सोनीने २०२३ मध्ये सबंध चित्र एकाच क्षणी टिपणारे शटर असलेला कॅमेरा जाहीर केला. त्यावर लार्तीगचे चाक वाटोळे गरगरीत आले असते आणि कोणी ते दुसऱ्यांदा पाहिले नसते.

महाराष्ट्रात हा वेग मातीत उतरतो. पुण्या-नाशिककडे सुपरक्रॉस आणि रॅलीचा नाद जुना आहे. सुपरक्रॉसचा ट्रॅक म्हणजे मोकळ्या मैदानात डंपरने माती ओतून जेसीबीने दोन दिवसांत उभारलेला सह्याद्री. इथला सर्वांत सोपा फोटो टेबलटॉपवरचा, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून उडालेल्या मोटरसायकलचा. उडी सर्वांत उंच बिंदूला पोचली की वर जाणे संपलेले असते आणि खाली येणे सुरू व्हायचे असते. तेवढा एक क्षण निसर्ग फोटोग्राफरला फुकट देतो. हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे सगळे तिथेच उभे राहतात आणि सगळ्यांकडे एकच फोटो येतो. मुरलेला माणूस वळणाच्या बाहेरच्या अंगाला बसतो. तिथे मागचे चाक मातीचे कारंजे उडवते, समोरून उतरते ऊन आले तर एकेक ढेकूळ सोन्याचे दिसते, आणि रात्री त्यातले पावशेर सोने खिशातून निघते. धुरळा फार झाला की आयोजक टँकरने पाणी मारतात. पुढच्या दोन फेऱ्यांत धुरळ्याऐवजी चिखल येतो. त्यानंतर थोडा वेळ धुरळा नसतो आणि चिखलही नसतो, प्रकाश उत्तम असतो, आणि नेमके तेव्हा प्रमुख पाहुण्यांचे भाषण सुरू होते.

इथवर प्रश्न हाताचा आणि डोळ्याचा. टिपलेले साठवायचे कसे, हा प्रश्न मेनूतल्या एका ओळीचा आहे, पण फोटोग्राफरांची मने दुखावतात ती त्या ओळीवरून. तिथे दोन नावे असतात: रॉ आणि जेपेग.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाहीत, फक्त उजेड कळतो. म्हणून त्याच्यावर रंगीत काचांची बारीक जाळी बसवतात. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर याच्या नावावर या जाळीचे १९७६ चे पेटंट आहे. तिच्यात निम्मी घरे हिरवी, पाव लाल आणि पाव निळी. माणसाच्या डोळ्याला बारकावा हिरव्यात जास्त कळतो, म्हणून त्याला दुप्पट वाटा. अर्थात प्रत्येक घराला एकाच रंगाची बातमी असते, उरलेले दोन रंग शेजारपाजारी चौकशी करून ठरवावे लागतात. ही चौकशी होण्यापूर्वीचे कोरडे आकडे जसेच्या तसे ठेवले की त्याला रॉ म्हणतात. जुन्या पेढीच्या भाषेत ही कीर्द आहे: व्यवहार झाला तशी नोंद, हिशेब नंतर. जेपेग हा ताळेबंद आहे. कॅमेऱ्याच्या पोटात बसलेला मुनीम क्षणात चौकशी आटोपतो, रंग ठरवतो, कडा घासून देतो, सगळे छान दिसते आहे असे जाहीर करतो आणि कीर्द फाडून टाकतो.

हा मुनीम काटकसरी असतो. जेपेग हे नाव ज्यावरून पडले तो जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप म्हणजे तज्ज्ञांची समिती, आणि तिचे मानक १९९२ चे. समितीने केलेले काम तीस वर्षांनंतरही रोज वापरात आहे, ही गोष्ट आपल्याकडे सहज पटणारी नाही. पद्धत अशी, की चित्राच्या आठ बाय आठ ठिपक्यांच्या चाळी पाडायच्या. एका चाळीत ६४ बिऱ्हाडे. प्रत्येक बिऱ्हाडाची वेगळी नोंद करण्याऐवजी "चाळ सर्वसाधारणपणे करड्या वृत्तीची, डावीकडून उजवीकडे थोडी उजळत जाणारी, मधून मधून किरकोळ कुरबुरी" असा अहवाल लिहायचा. मग किरकोळ कुरबुरी हळूच गाळायच्या. उजेडातला फरक डोळ्याला चटकन कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून रंगाची नोंद बहुधा आणखी विरळ ठेवायची. अहवाल वाचून चाळ पुन्हा उभी करता येते आणि लांबून पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. फक्त तिसऱ्या मजल्यावरचे कोपऱ्यातले बिऱ्हाड कायमचे गेलेले असते.

यातून एक गंमत निघते. कुंपणामागे दाटीवाटीने बसलेले प्रेक्षक स्पष्ट आले की चाळी-चाळींतून भांडणे वाढतात आणि जेपेगची फाइल फुगते. पॅनिंग साधले आणि त्याच प्रेक्षकांच्या मऊ रेघा झाल्या की नोंदण्याजोगे फार उरत नाही आणि फाइल लहान होते. म्हणजे फोटोग्राफरने जीव तोडून केलेल्या कामाची कॅमेऱ्याच्या दफ्तरी नोंद 'मजकूर कमी' अशी होते. ढग भरून आलेला रिकामा आकाशाचा तुकडा आणि आयुष्यातला सर्वोत्तम पॅनिंगचा फोटो यांचे वजन जवळपास सारखे भरू शकते.

आकड्यांत पाहिले तर नेहमीचे जेपेग आठ बिटचे, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. चौदा बिटच्या रॉमध्ये १६,३८४. भर दुपारच्या सुपरक्रॉसमध्ये हा फरक हेल्मेटच्या आत दिसतो. ऊन डोक्यावर, जर्सी पांढरीफेक, हेल्मेटच्या आत काळोख. जेपेगमध्ये तो काळोख उजळायला गेले तर चेहऱ्याऐवजी राखाडी चिखल वर येतो. रॉमध्ये बहुतेकदा दोन डोळे सापडतात. तांबड्या मातीने आणखी घोळ होतो. कॅमेऱ्याच्या आपोआप रंग जुळवणाऱ्या यंत्रणेला चौकटभर तांबडे दिसले की तिला वाटते उजेडच तांबडा आहे, आणि ती उपकार म्हणून सगळीकडे निळसर पाणी शिंपडते. पांढरी जर्सी नीळ जास्त झालेल्या धोतरासारखी दिसू लागते. रॉमध्ये रंगाचा हा निर्णय फाइलला चिकटवलेली एक चिठ्ठी असते, घरी जाऊन बदलता येते. जेपेगमध्ये तो रक्तात गेलेला असतो. लालभडक टाकीची मोटरसायकल उन्हात आली की लाल रंग तर पार वाहून जातो आणि टाकीवर गोलाईऐवजी एक सपाट लाल डाग उरतो.

एवढे ऐकून रॉपंथी मंडळी हात जोडून उभी राहतात. त्यांचा मूळ स्वभाव माळ्यावर सामान ठेवणाऱ्याचा. रिकामे खोके, तुटलेली छत्री, गॅसची जुनी नळी: आज उपयोग नाही, पण टाकवत नाही. एका चोवीस मेगापिक्सेल रॉ फाइलचे वजन पंचवीस-तीस एमबी, चांगल्या प्रतीच्या जेपेगचे दहाच्या आसपास. दिवसाला दोन हजार फोटो धरले तर माळ्यावर पन्नास-साठ जीबी चढतात, आणि त्यातल्या अठराशे फाइली मागच्या चाकाच्या अर्ध्या भागाच्या असतात. त्या अर्ध्या चाकाच्या छटा मात्र १६,३८४ असतात. शिवाय चुकलेला फोकस रॉमध्येही चुकलेलाच राहतो, आणि हललेला हात नंतर स्थिर होत नाही. ही गोष्ट पंथात मोठ्याने बोलायची पद्धत नाही.

त्याहून नाजूक गोष्ट कॅमेऱ्याच्या पाठीवर आहे. फोटो काढल्यावर तिथे जे चित्र उमटते ते रॉ नसते. रॉच्या फाइलीत कॅमेऱ्याने गुपचूप ठेवलेले एक छोटे जेपेग असते, तेच दाखवले जाते. उजेडाचा आलेखही त्यावरूनच काढलेला. जेपेगला नाक मुरडणारा माणूस दिवसभर तेच पाहून मान डोलावत असतो.

जेपेगपंथीयांचे भांडवल दम हे आहे. कॅमेरा सलग फोटो काढतो तेव्हा ते आधी बफर नावाच्या तात्पुरत्या ओसरीवर थांबतात आणि तिथून एकेक करून कार्डात जातात. ओसरी भरली की कॅमेरा नवा पाहुणा घेत नाही. २०१३ च्या सुमारास खूप खपलेल्या एका मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यात सेकंदाला सहा फोटो निघत, आणि पूर्ण दर्जाच्या रॉची ओसरी सहाच फोटोंची होती. जेपेगच्या तिशीपर्यंत पंगती बसत. म्हणजे रॉ निवडणाऱ्याला बरोबर एक सेकंद मिळे. पहिल्या उडीला उत्साहाने बोट दाबायचे, एका सेकंदात ओसरी भरायची, आणि तिसऱ्या सेकंदाला मागचे दोघे हवेत एकमेकांना आडवे आले की कॅमेऱ्याचा लाल दिवा शांतपणे लुकलुकत राहायचा. शेजारचा जेपेगवाला तेव्हा अख्खी हकीकत टिपून लाडू खात असे. कार्ड महाग घेऊन यातून थोडी सुटका होते. मात्र कार्डावर ठळक छापलेला आकडा बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो, लिहिण्याचा नव्हे. स्थळाच्या पत्रिकेत पगार लिहितात तसा. निकॉनने २०२१ मध्ये आणलेल्या झेड ९ या बड्या कॅमेऱ्यातही ही उतरंड दिसते: रॉ सेकंदाला २०, जेपेग ३०, आणि सुमारे ११ मेगापिक्सेलची छोटी जेपेग १२०.

मध्यममार्गही आहेत. रॉ आवळून ठेवता येते. एक प्रकार गादी गुंडाळण्याचा: सोडली की होती तशी पसरते, काही हरवत नाही. दुसऱ्या प्रकारात गुंडाळताना थोडा कापूस काढून घेतात, आणि झोपणाऱ्याला सहसा कळत नाही. तिसरा मार्ग दोन्ही एकदम साठवण्याचा. तो वरपक्ष आणि वधूपक्ष दोघांच्या याद्या जशाच्या तशा मान्य करणाऱ्या यजमानाचा मार्ग आहे. ओसरी आणखी लवकर भरते आणि दोन्ही पक्ष नाराज राहतात.

रॉला आणखी एक खोड आहे. प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी, घराघरातल्या गोड्या मसाल्यासारखी: निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर ३, सोनीची एआरडब्ल्यू. प्रमाण पुड्यावर लिहायचे नाही आणि सुनेलाही पुरते सांगायचे नाही, हा नियम सगळ्या पाळतात. अडोबीने २००४ मध्ये सर्वांसाठी डीएनजी हा एक खुला मसाला काढला. काहींनी घेतला, मोठ्या घराण्यांनी वास घेऊन ठेवून दिला. परिणाम असा, की नवा कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाचा जुना लॅपटॉप त्याची फाइल ओळखतच नाही.

बातमीच्या धंद्यात हा वाद घड्याळाने मिटवला आहे. शर्यत चालू असतानाच फोटो संपादकाच्या टेबलावर पोचायला हवा. कीर्द घेऊन खतावणी करत बसायला वेळ कोणाला? नोव्हेंबर २०१५ मध्ये रॉयटर्सने आपल्या बाहेरच्या फोटोग्राफरांना कळवले, की रॉवरून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून मूळ निघालेले जेपेगच द्या. कारणे दोन: एक वेग, दुसरे खरेपणा. रॉवर घरी बसून फार कलाकुसर करता येते, अशी शंका त्यात होती. ज्या रॉला पंथीय लोक अस्सल म्हणून पूजत होते, तिच्याबद्दल संपादकाला नेमका उलटा संशय होता. जाहिरातीसाठी, मासिकाच्या मुखपृष्ठासाठी किंवा भिंतीवर मोठ्या छपाईसाठी काम असेल तर मात्र गिऱ्हाईक रॉ मागते आणि चार दिवस थांबतेही. उन्हात उभे राहण्यापूर्वी फोटो कोणाच्या आणि कधी हातात जाणार हे विचारून घेतले, तर मेनूतली ओळ आपोआप ठरते. ते विचारण्याऐवजी आदल्या रात्री तीन तास व्हिडिओ पाहण्याची प्रथा जास्त रूढ आहे.

स्थानिक सुपरक्रॉसमध्ये गिऱ्हाईक कोण, हे शर्यत संपल्यावर दहा मिनिटांत कळते. ते स्वतः चालत येते. हेल्मेट काखेत, तोंडावर धुरळ्याचा मुखवटा, डोळ्यांभोवती तेवढी गॉगलच्या आकाराची स्वच्छ जागा. "दादा, टेबलटॉपवरचा माझा आला का? बावन्न नंबर." त्याच्या मागे त्याचे वडील असतात: "तेवढा आमच्या पोराचा व्हॉट्सअ‍ॅप करा की." रॉ ही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून जात नाही, आणि उद्या संध्याकाळी नीट करून देतो हे उत्तर कोणाला पटत नाही. अखेर कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चित्राचा मोबाइलने फोटो काढला जातो. त्यात बावन्न नंबर हवेत असतो, त्याच्या वर बॅटरीची खूण असते आणि कोपऱ्यात वडिलांचा अंगठा.

रॉ बाळगणारा तरीही घरी जातो, रात्री दोनपर्यंत जागतो, दोन हजारांतून चाळीस निवडतो. 'निवडलेले', 'निवडलेले अंतिम' आणि 'अंतिम नवीन' असे तीन फोल्डर होतात. पॅनिंगचा एक फोटो खरोखरच साधलेला असतो. हेल्मेटमधले डोळे दिसतात, जर्सीची नीळ गेलेली असते, टाकीला गोलाई परत आलेली असते, मागचे चाक गरगरते आहे आणि सबंध मैदानाच्या तांबूस रेघा झाल्या आहेत. तो जेपेग करून पाठवला जातो. व्हॉट्सअ‍ॅप वाटेत त्याला पुन्हा आवळते. चाळीतली उरलीसुरली बिऱ्हाडेही जागा खाली करतात.

दोन दिवसांनी तो फोटो बावन्न नंबरच्या मित्रमंडळामार्फत चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडे पोचतो. अभिनंदनाचा दहा बाय आठचा फलक करायचा असतो. मधे पोरगा, डावीकडे डरकाळी फोडणारा वाघ, मागे ज्वाळा, खाली शुभेच्छुकांचे बारा पासपोर्ट फोटो. मागच्या तांबूस रेघा फ्लेक्सवाल्याने पहिल्या मिनिटातच कापून टाकलेल्या असतात. अडचण चाकापाशी येते. ते फिरत असल्यामुळे त्याची कड सापडत नाही आणि कटिंग फाटते. मग मित्रमंडळाकडून नंबर मिळवून तो फोटोग्राफरलाच फोन लावतो: "दादा, फोटो मस्त आहे, पण जरा हललाय. गाडी उभी असतानाचा एखादा क्लिअर नाही का?"